नोलनच्या पाठीशी

सोमवार, १७ ऑगस्ट

आजपासून शाळेच्या फुटबॉल संघाचा पुन्हा सराव. सकाळी सहाला सामानाची खोली उघडली तर गेल्या हंगामाचा वास तसाच आत कोंडून बसलेला. घाम, रबर, मलम. ओल्गा म्हणते, तुझं पहिलं लग्न या वासाशी लागलंय, माझ्याशी दुसरं. चव्वेचाळीस हेल्मेटं पुसली, आतल्या पिशव्यांत हवा भरली, हनुवटीचे पट्टे बदलले. बावीस वर्षं झाली. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा लोक विचारायचे, एमिल, आता काय करशील? मी म्हणायचो, शाळेतल्या पोरांच्या डोक्यांची काळजी घेईन.

दुपारी सगळ्यांना वाचनालयात नेलं. तिथे जोआन शेफर कॉम्प्युटर लावून बसली होती. पोरांच्या दुखापती बघायला तिला नेमलंय, पण तीन शाळांत मिळून ती एकटी. पोरगी गुणी आहे, सदा धावपळीत. परीक्षा अशी असते की पडद्यावर शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग काय काय आठवतंय ते विचारतात. हंगामात कुणाच्या डोक्याला मार लागला की हीच परीक्षा पुन्हा. ऑगस्टइतकं जमलं तर मैदानात, नाही तर घरी.

रांगेत उभ्या पोरांना मी दरवर्षीचा उपदेश केला. म्हटलं, आज डोकं कपाटात ठेवून आत जा. ऑगस्टमध्ये जो हुशारी दाखवतो तो ऑक्टोबरमध्ये बाकावर बसून सामना बघतो. पोरं खिदळली. कोच पास्टोरेक दारातच होता, तो छताकडे बघत राहिला. सात वर्षांपूर्वी ही परीक्षा सुरू झाली तेव्हा एका गुणी पोराचा अख्खा हंगाम एका टपलीपायी बुडालेला मी पाहिलाय. पोरगा रडला होता या खोलीत. तेव्हापासून मी हे सांगतो.

यंदा क्वार्टरबॅक म्हणून नोलन युरिकला उभं करणार. सोळा वर्षांचा, उंच, कान मोठे, बोलणं मोजकं. बाप ट्रक घेऊन गेला तो गेलाच. आई डेनिस वृद्धाश्रमात पाळ्या करते. क्वार्टरबॅकचं नशीब मोठं विचित्र. चेंडू फेकणारा तो, प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. जिंकलो तर अकरा जण जिंकतात, हरलो की तो एकटा हरतो. आज तो पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून मन लावून बसला होता. मी मागून जाऊन खांद्यावर थोपटलं. म्हटलं, काय रे, आजच कॉलेजात जायचंय का? लाजला बिचारा. मग हसला आणि वाटेल ती बटणं दाबत सुटला.

शनिवार, ५ सप्टेंबर

काल पहिला सामना जिंकलो, २७-६. नोलनचा एक पास असा गेला की चेंडू जणू घरचा पत्ता विचारत विचारत चालला होता आणि नेमका त्याच दारात पोचला. बत्तीस यार्ड. शेजारी उभ्या कोचनं माझा दंड दाबला. अजून दुखतोय.

शनिवार, १२ सप्टेंबर

हाही जिंकलो. पण गंमत झाली ती लिहून ठेवतो.

तिसऱ्या भागात समोरच्या हार्लो शाळेचा एक रेड्यासारखा गडी नोलनवर सरळ चालून आला. पोरगा आडवा. उठला, हेल्मेट सारखं केलं, आणि चालत चालत गेला तो थेट हार्लोच्या बाकावर जाऊन बसला. त्यांच्या पोरांनी सरकून जागासुद्धा दिली. सगळं मैदान हसलं. कोच ओरडला, अरे बाबा, आपलं दुकान इकडे आहे. मग नोलन आला परत. पोरांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. बसमध्ये सारखं चाललं होतं, पाहुण्यांना पाणी द्या, पाहुण्यांना खिडकी द्या. तो हसत होता, पण उशिरा. दुसरे हसून संपले की मग हा.

जोआन काल दुसऱ्या शाळेच्या सामन्याला होती. आज त्याच्या हेल्मेटात थोडी जास्त हवा भरली. ढिलं बसत असणार.

गुरुवार, २४ सप्टेंबर

मागच्या शुक्रवारी हरलो, आणि वाईट हरलो. नोलनचे पास सगळे डावीकडे जात होते. वीतभर नाही, हात हातभर.

आज सरावानंतर त्याला थांबवून घेतलं. विचारलं, दिवे डोळ्यांत जातात का? म्हणाला, हो पॉप, टोचतात. (पोरं मला पॉप म्हणतात.) आमच्या मैदानाचे दिवे जुनेच आहेत. कपाटात तळाशी एक काळपट काच होती, हेल्मेटापुढे लावतात ती. घासूनपुसून बसवून दिली. त्याला इतकं बरं वाटलं की मलाच भरून आलं.

आणखी एक. डाव विसरतो. मनगटावरच्या पट्टीत डावांची यादी असते, पण अक्षर मुंगीएवढं. मी रात्रीच्या जेवणानंतर बसून माझ्या हातानं मोठ्या अक्षरांत नवी यादी लिहिली. धावायचे डाव लाल, फेकायचे निळे. कोचला सांगितलं नाही. त्याच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही.

शनिवार, २६ सप्टेंबर

हरलो. नोलनचे तीन पास समोरच्यांच्या हातात. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

परवा पुन्हा हरलो, सलग तिसरा. चर्चमधून येताना डेनिस भेटली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, आज मला दुपारची पाळी आहे, नोलन एकटाच असेल. मग मी त्याला जेवायला घेऊन आलो.

ओल्गानं कोबी आणि लोण्यात परतलेल्या शेवया केल्या होत्या, त्याच्या आवडीच्या. तो टोपी डोळ्यांवर ओढून बसला. जेवताना टोपी घातलेली ओल्गा खपवून घेत नाही, पण आज गप्प राहिली. थोड्या वेळानं त्यानंच हळूच विचारलं, टेबलावरचा दिवा घालवला तर चालेल का, मिसेस. ओल्गानं दिवा घालवला. दिवसाउजेडी अंधारात बसल्यासारखे आम्ही तिघं जेवलो. काटा खाली पडला तर तो मागताना शब्दच सापडेना त्याला. ते हे... टोचायचं, म्हणाला. मी हसलो, तोही हसला. ओल्गा हसली नाही. शेवया निम्म्या उरल्या.

त्याचं घर इथून चार गल्ल्या पलीकडे. तो गेल्यावर बऱ्याच वेळानं ओल्गा खिडकीतून बघत म्हणाली, अजून कोपऱ्यावर उभा आहे. बघितलं तर टपालपेटीजवळ उभा. एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. मग गेला.

"प्रेमात पडला असेल," मी म्हटलं.

"एमिल, तो पोरगा आजारी आहे."

मी तिला म्हटलं, हरणं हाच आजार आहे, एक सामना जिंकला की उतरेल. ती भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज जरा मोठाच येत होता.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आज अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाठीराख्यांच्या मंडळाची बैठक. संघाच्या गणवेशापासून बसपर्यंत सगळं हे मंडळ बघतं, तेव्हा त्यांचा शब्द चालतो. अध्यक्ष हॅल डिटमन, गाड्या विकतो. माणूस वाईट नाही. पण गाडी असो की पोरगा, चालेना की बदला, एवढंच त्याला कळतं.

तो म्हणाला, त्या पोराला चेंडू देणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणं. लोक हसले. दुसरा एक जण म्हणाला, मेसन ट्रुबला खेळवा, निदान आपलं बाक कुठलं ते त्याला माहीत आहे. आणखी हसले. कोच खाली मान घालून बसला होता. मला दिसत होतं, तो मान्य करणार. मेसनचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं.

मी बैठकीत कधी बोलत नाही. दहावीपर्यंतही शिकलेला नाही मी. आज उठलो.  म्हटलं, या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कारखान्यात भट्टीपुढे उमेदीची वर्षं घालवली. एका सकाळी फाटकावर कागद लागला की आता तुमची गरज नाही. तेव्हा कसं वाटलं होतं, आठवतं ना? तीन शुक्रवार वाईट गेले म्हणून सोळा वर्षांच्या पोराला आपण तोच कागद दाखवायचा? त्याच्या बापानं दाखवला तेवढा पुरे नाही?

 डिटमननं नाक शिंकरलं. मग कोच म्हणाला, नोलनच खेळेल, हंगाम संपेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना डिटमननं माझ्याशी हात मिळवला.

घरी येऊन ओल्गाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या पोराला विचारलंस का? मी म्हटलं, काय विचारायचं त्यात?

बुधवार, ७ ऑक्टोबर

गावात गोष्ट लपत नाही. दुपारी नोलन खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, पॉप, तुम्ही काल माझ्यासाठी उभे राहिलात? मी म्हटलं, मग कुणासाठी राहणार, डिटमनसाठी? डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, मी तुमची मान खाली जाऊ देणार नाही.

इतक्या वर्षांत मला कुणी पोर असं बोललं नव्हतं.

शनिवार, १० ऑक्टोबर

हरलो, पण झुंजून.

दुसऱ्या भागात नोलन पाठीवर आपटला. डोकं आधी जमिनीला लागलं, आवाज आमच्यापर्यंत आला. पडल्या पडल्या त्यानं एक हात सरळ वर धरला, ताठ, थोडा वेळ तसाच. आम्हाला सांगत होता, मी ठीक आहे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला. पोरगा पडूनही आम्हालाच धीर देतोय.

जोआन काल हजर होती. तिनं त्याला बाहेर काढलं आणि परत जाऊ दिलं नाही. कोच तिच्याशी वाद घालायला गेला तर म्हणाली, सोमवारी परीक्षा, मग बघू. दिसायला एवढीशी आहे, पण हलली नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

परीक्षेआधी जोआन माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं.

"एमिल, तुम्ही रोज बघता त्याला. काही वेगळं वाटतंय? खरं सांगा."

खरं लिहायचं तर मला टेबलावरचा तो घालवलेला दिवा आठवला. कोपऱ्यावर उभा असलेला तोही आठवला. पण लगेच तो हॉल आठवला, आणि वाटलं, आपण ज्याच्यासाठी एवढं बोललो त्याच्या पायाखालची फळी आपणच काढायची? म्हणालो, "पोरगा घाबरलाय गं. बाकी काही नाही."

अर्ध्या तासानं ती निकाल घेऊन बाहेर आली. ऑगस्टपेक्षा चार गुण जास्तच. ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, मार लागून ऑगस्टपेक्षा बरा? मी म्हटलं, वाढतं वय आहे. तिला पुढच्या शाळेत पोचायचं होतं, तिनं सही केली. नोलन भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला लांबूनच अंगठा दाखवला.

शनिवार, १७ ऑक्टोबर

जिंकलो! १४-१३. एका गुणानं का असेना. डिटमननं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाला, एमिल, तू नसतास तर आम्ही हा हिरा फेकून दिला असता.

सामन्याआधी नोलन बसमागे जाऊन ओकला. मी पाणी दिलं, पाठ चोळली. चांगल्या चांगल्या खेळाडूंच्या पोटात गोळा येतो. ज्याला पर्वा असते त्यालाच येतो.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

आज नोलन सरावानंतर रेंगाळला. मी हेल्मेटं तपासत होतो, तो बाकावर बसून पट्टीची कड कुरतडत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, पॉप, समजा एखाद्याला... आणि थांबला. मला वाटलं, उद्याच्या सामन्याची धास्ती. गेल्या साली ज्यांनी आम्हाला धूळ चारली तेच आहेत. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, हे बघ, तू जिंकलास काय, हरलास काय, मी तुझ्या पाठीशी आहे. हा सगळा गाव आहे. आता मागे वळून बघायचं नाही.

त्यानं पट्टीची कड सोडली. मग म्हणाला, हो पॉप.

जाताना दारापाशी भिंत धरली त्यानं. दमलाय. उद्या सामना झाला की त्याला दोन दिवस झोपू द्या असं डेनिसला सांगणार आहे.

शनिवार, २४ ऑक्टोबर

धड मारही नव्हता. कुणी नुसता खांदा लावला.

नोलन पडला नाही. चेंडू टाकून दिला आणि कोचकडे चालत आला. म्हणाला, कोच, मला दिसत... आणि गुडघे गेले. कोच त्याला उठ म्हणत होता. काळ्या काचेमुळे त्याचे डोळे दिसत नव्हते कुणाला. पट्टा मीच सोडला, हेल्मेट मीच काढलं. एका डोळ्याची बाहुली बटणाएवढी, दुसरी टाचणीच्या टोकाएवढी.

डेनिस कुंपण ओलांडून आली. तिच्या एका पायात बूट नव्हता.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पिट्सबर्गच्या मोठ्या इस्पितळात आहे. कवटी उघडली. आत रक्त साचलं होतं आणि मेंदू सुजला होता. डॉक्टर डेनिसला सांगत होते आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, मला आत बोलावलं नव्हतं. म्हणाले, हा एका दिवसाचा मार नाही. पहिला बरा व्हायच्या आत दुसरा, त्यात पुन्हा हा. पहिला साधारण सहा आठवड्यांपूर्वीचा असावा. त्याला काही त्रास होत होता का, उजेड सहन होत नव्हता का, शब्द अडत होते का, पडल्यावर हात आपोआप ताठ वर झाला होता का? डेनिस म्हणाली, मला माहीत नाही. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जिन्यात जाऊन बसलो. सहा आठवडे मागे मोजले. हार्लोचं बाक.

गावात प्रत्येक दुकानाच्या काचेवर कापडी फलक लागलेत. नोलन, आमचा तुझ्यावर विश्वास आहे. डिटमननं स्वतः उभं राहून लावले. मला बघून रडायला लागला. मला कुणाचंच रडणं बघवत नाही सध्या.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

मेसन ट्रुब खेळला. जिंकलो. पोरांनी दंडावर काळ्या पट्ट्या लावल्या होत्या, मीच कापून दिल्या.

सोमवार, ९ नोव्हेंबर

शाळेच्या मंडळानं जोआनला कमी केलं. सही तिची होती.

ती किल्ली परत द्यायला आली. मी कॉफी देऊ केली, नको म्हणाली. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"नोलनला ऑगस्टमध्ये बारा शब्दांतले तीन आठवले. या पोराला इतिहासाच्या अख्ख्या पुस्तकातल्या तारखा पाठ आहेत, त्याची बाई सांगते मला. मग मी बाकीच्यांचे काढले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस बघितले, एमिल. तुमच्या गावातली सगळी पोरं ऑगस्टमध्ये मंद होतात. पाच शब्दांच्या पुढे कुणी गेलेलं नाही."

मी हेल्मेट पुसत होतो. पुसतच राहिलो.

ती म्हणाली, माझी चूक आहेच. मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी घाईत होते. पण हे त्यांना कुणीतरी शिकवलंय.

माझं नाव घेतलं नाही तिनं. माहीत नव्हतं की माहीत असून घेतलं नाही, कळलं नाही. मी तिला नीट जा म्हटलं. बाहेर रस्त्यावर बर्फ होता म्हणून.

बुधवार, ११ नोव्हेंबर

झोप नाही. ओल्गाला सगळं सांगितलं, वाचनालयापासून. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, सात वर्षं? मी म्हटलं, सात.

मग म्हणाली, तू शाळेच्या मंडळापुढे बोललास तर तुझं काय जाईल? त्या खोलीची किल्ली. त्या मुलीचं काय गेलंय ते बघ.

मी म्हटलं, ती खोली गेली तर मी काय करू दिवसभर. ती उठून झोपायला गेली.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आठ दिवस लागले मला. आज गेलो.

मंडळाचे सात जण, पाण्याचे पेले, मागे कोच आणि डिटमन. मी लिहून नेलं होतं, ते खिशातच ठेवलं. तोंडीच सांगितलं. पोरांना परीक्षा बिघडवायला मी शिकवलं. नोलन नीट देत होता, त्याला मी जाऊन डिवचलं. नंतर जोआननं मला सरळ विचारलं, आणि मला दिसलं होतं ते मी सांगितलं नाही. तिची सही माझ्या शब्दावर झाली.

एका बाईंनी विचारलं, सात वर्षांत किती मुलं? मी मोजायला लागलो आणि मोजता येईना. दर साली चाळीसच्या वर. त्यातली काही आता बाप झालीत. हायवेवर ट्रक चालवतात, एक तर इथे टपाल वाटतो. त्यांच्यातल्या कुणाकुणाला कधी टपली बसली आणि ते हसत परत मैदानात गेले, हे मला कुठून माहीत असणार.

बाहेर गाडीपाशी कोच आला. 

"तुला कुणी विचारलं होतं, एमिल?"

मी त्याच्या हातात किल्ली ठेवली. त्यानं घेतली. तोही दारात उभा होता ऑगस्टच्या त्या परीक्षेला, छताकडे बघत. मी ते आत सांगितलं नाही, आणि बरं केलं की वाईट, ठरवता येत नाही.

जोआनला फोन केला. नंबर बंद. शाळेत म्हणाले, ती ओहायोला गेली, बहिणीकडे. मंडळ तिला पत्र पाठवणार आहे म्हणे.

रविवार, ६ डिसेंबर

नोलन मंगळवारी घरी आला. आज डेनिसकडे गेलो. तो आतल्या खोलीत झोपला होता, पडदे ओढलेले. डेनिस जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मंडळापुढे बोललो ते तिला समजलं असणारच, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचा हक्क होता. उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. तिनं बस म्हटलं नाही आणि घड्या थांबवल्या नाहीत.

माझं झाल्यावर म्हणाली, "सप्टेंबरपासून उलट्या होत होत्या त्याला. सकाळी, न्हाणीघराचा नळ सोडून. मला आवाज यायचा. एकदा दार ढकलून आत गेले तर माझे हात धरले. म्हणाला, आई, पॉपला कळू देऊ नकोस. ते सगळ्या गावासमोर माझ्यासाठी उभे राहिलेत."

एक पँट घेऊन तिची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"आणि मी नाही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मला माहीत नाही म्हणाले. मी रोज म्हाताऱ्या माणसांचं ओकणं काढते हो, मला कळत नव्हतं का? पण तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाचातरी लाडका झाला होता. तेव्हा मला काय सांगताय तुम्ही."

 माफी मागायला गेलो होतो. त्या खोलीत माफी द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

निघताना ती म्हणाली, बुधवारी मला दुपारची पाळी आहे. दोन ते सहा. त्याला एकटं ठेवता येत नाही.

बुधवार, ९ डिसेंबर

दोनला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. डेनिसनं गोळ्या दाखवल्या, फोन नंबर दाखवले, त्याला अवघड प्रश्न विचारू नका म्हणाली, आणि गेली.

खोलीत अंधार होता. डोक्याची एक बाजू भादरलेली, केस नुकते फुटताहेत. हडकला आहे. उजवा हात पांघरुणावर पडलेला, मूठ नीट उघडत नाही. मला ओळखलं त्यानं, हसला. पॉप, म्हणाला. जुनं बरंचसं आहे त्याच्यापाशी. शाळा आहे, सराव आहे, ओल्गाच्या शेवया आहेत. आत्ता घडलेलं मात्र राहत नाही.

मी खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळानं त्यानं छताकडे बघत विचारलं, शब्दाशब्दाला थांबून,

"पॉप, शुक्रवारी मी नाही खेळलो तर चालेल का?"

हंगाम संपून महिना होत आला. मी म्हटलं, "चालेल."

"तुम्ही रागावणार नाही?"

"नाही रे बाबा."

त्यानं श्वास सोडला. खांदे सैल झाले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि तोंड लहान पोरासारखं झालं. मी त्याला पाणी पाजलं. रुमालानं हनुवटी पुसली. पंधराएक मिनिटं गेली असतील. बाहेर गाडी वाजली, त्यानं मान वळवली, आणि त्याच्या कपाळाला पुन्हा त्याच आठ्या. माझ्याकडे बघायचं धाडस होत नसल्यासारखा पडद्याकडे बघत म्हणाला, पॉप, शुक्रवारी मी नाही खेळलो तर चालेल का?

मी म्हटलं, चालेल.

तोच श्वास. तीच सुटका, पहिल्यांदाच मिळाल्यासारखी.

सहा वाजेपर्यंत त्यानं अकरा वेळा विचारलं. अकराही वेळा मी चालेल म्हणालो.